हेदा गावच्या सुतारांचं जहाज

गेल्या अंकात एका वाचकाने कमोडोर पेरीच्या ‘काळ्या जहाजां’विषयी, म्हणजे परकीयांना बंद असलेला जपान खुला करायला आलेल्या अमेरिकन नौदलाच्या ताफ्याविषयी, विचारलं होतं. उत्तराच्या शेवटी मी शिमोदा बंदरात त्सुनामीत सापडलेल्या एका रशियन युद्धनौकेचा आणि ‘हेदा’ नावाच्या कोळ्यांच्या गावाचा चार ओळींत उल्लेख केला. त्या चार ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. नोकरीनिमित्त मी शिझुओका भागात बरीच वर्षं दुभाषी म्हणून राहिले, हेदा तिथून जवळ, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याला हायस्कुलात इतिहास शिकवत असे, आता निवृत्त आहे. आमच्या पुस्तकात पेरी येतो, तह होतो, जपान खुला होतो आणि धडा संपतो. ही जहाजं ज्या शिमोदात थांबली ते गाव केवढं होतं? तिथल्या माणसांचं काय झालं? आणि त्सुनामीची हकीकत काय?

सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. तहावर सह्या कोणी केल्या हे सगळे सांगतात. ज्यांच्या दारात जहाजं उभी राहिली त्यांची चौकशी फारसं कोणी करत नाही.

शिमोदा हे इझु द्वीपकल्पाच्या टोकाचं छोटं बंदर, घरं हजाराच्या आत. ओसाकाहून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, माल नेणारी शिडाची जहाजं वारा अनुकूल होईपर्यंत इथे थांबायची. गावाचं पोट त्यावरच होतं. ३१ मार्च १८५४ ला कानागावाचा तह झाला. त्यात अमेरिकनांना शिमोदा लगेच आणि हाकोदाते वर्षभराने खुलं करायचं ठरलं. एप्रिलमध्ये पेरीचा ताफा शिमोदात आला. खलाशांना बंदरापासून सात री, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरपर्यंत, हिंडायची मुभा मिळाली. सुरुवातीला त्यांच्या मागे मागे शिपाई चालायचे, लोकांना घरात जायला सांगायचे, दुकानं बंद करायला लावायचे. पेरीने त्याबद्दल तक्रारही केली.

त्याच एप्रिलमधली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. योशिदा शोइन आणि कानेको शिगेनोसुके हे दोन तरुण रात्री एका कोळ्याची होडी घेऊन अमेरिकन जहाजांकडे निघाले. परदेशी जाऊन शिकायचं एवढीच त्यांची इच्छा होती. होडीला वल्हं अडकवायची खुंटी नव्हती. म्हणून त्यांनी लंगोट सोडून त्याने वल्ही बांधली, ते सुटल्यावर कमरेचा पट्टा वापरला. हात सोलपटले तरी वल्हवत राहिले. पेरीच्या लोकांनी त्यांना परत पाठवलं. दोघांना कैद झाली. पुढे कैदेतून सुटल्यावर शोइनने शिकवलेल्या पोरांतूनच मेइजी काळातले, म्हणजे १८६८ नंतरच्या नव्या राजवटीतले, मोठे पुढारी निघाले. तो स्वतः मात्र १८५९ मध्ये फाशी… नव्हे, शिरच्छेदाची शिक्षा भोगून गेला. तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

आता त्सुनामी. त्या वर्षाच्या डिसेंबरात रशियाचा व्हाइस अ‍ॅडमिरल पुत्यातिन ‘डायना’ ही फ्रिगेट घेऊन शिमोदात आला. जहाजावर पाचशेच्या आसपास माणसं आणि पन्नासहून अधिक तोफा होत्या. २२ डिसेंबरला जपानी प्रतिनिधी कावाजी तोशिआकिरा आणि त्सुत्सुइ मासानोरी यांच्याशी पहिली बैठक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा भूकंप झाला आणि थोड्याच वेळात समुद्र गावात शिरला. पाणी आत यायचं, ओढून बाहेर जायचं, पुन्हा यायचं. नांगर टाकून उभी असलेली ‘डायना’ त्या भोवऱ्यात गरगर फिरू लागली. अर्ध्या तासात तिने चाळीसहून जास्त गिरक्या घेतल्याची नोंद आहे. सुटलेल्या तोफेखाली चिरडून एक खलाशी मेला. सुकाणू तुटून गेलं, तळाच्या कण्याचा तुकडा निघाला. गावातली जवळजवळ सगळी घरं वाहून गेली. शाबूत राहिली ती बोटांवर मोजण्याइतकी.

स्वतःचं जहाज फुटत असतानाही रशियन खलाशांनी पाण्यात वाहत चाललेल्या काही गावकऱ्यांना वर ओढून घेतलं. पाणी ओसरल्यावर पुत्यातिनने जखमींसाठी आपला डॉक्टर देऊ केला. कावाजी हा कडक माणूस. वाटाघाटीत समोरच्याला इंचभर जागा न देणारा. पण या वागण्याने तोही हलला. पुढे ७ फेब्रुवारी १८५५ ला शिमोदाच्याच चोराकुजी देवळात रशिया-जपान तह झाला आणि कुरिल बेटांमधली सरहद्द एतोरोफु आणि उरुप यांच्यामधून गेली. ती तारीख जपानात अजून दरवर्षी पाळली जाते, कारण त्या बेटांचा वाद मिटलेला नाही. मुलांना तहाची कलमं सांगाल तेव्हा आधी पाण्यातून ओढून काढलेली माणसं सांगा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई, मी पुण्यात जपानी शिकते. ‘डायना’ शिमोदातच का दुरुस्त केली नाही? हेदाच का निवडलं?

दोन कारणं. पहिलं म्हणजे शिमोदात उरलंच काय होतं? ना लाकूड, ना छप्पर. दुसरं कारण युद्ध. क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि इंग्रज व फ्रेंच जहाजं रशियन जहाजांच्या शोधात पॅसिफिकभर फिरत होती. पांगळं झालेलं जहाज उघड्या बंदरात ठेवणं म्हणजे शत्रूच्या हाती देणंच. रशियन अधिकाऱ्यांनी इझुचा किनारा पाहून हेदा निवडलं. तू नकाशा काढून बघ. जमिनीची एक बारीक जीभ वळून आली आहे आणि तिने जवळजवळ सगळा उपसागर कवेत घेतला आहे. बाहेरून जाणाऱ्या जहाजाला आतलं काही दिसत नाही.

पण ‘डायना’ हेदाला पोचलीच नाही. जानेवारी १८५५ मध्ये तात्पुरतं सुकाणू लावून तिला न्यायला निघाले. वादळाने तिला सुरुगा उपसागर ओलांडून पार पलीकडे, फुजी पर्वताच्या पायथ्याच्या किनाऱ्याकडे ढकललं. लाटा एवढ्या होत्या की होड्या उतरवणं जिवावरचं काम होतं. किनाऱ्यावरच्या गावांतले लोक धावत आले. जहाजावरून किनाऱ्यापर्यंत दोर ताणला आणि त्या दोराच्या आधाराने सगळी माणसं बाहेर काढली. त्या गावांचं स्वतःचंही भूकंपाने नुकतंच कंबरडं मोडलेलं, थंडी कडाक्याची. तरी लोकांनी अंगावरचे कपडे काढून भिजलेल्या परक्यांना दिले. हे पुत्यातिनने स्वतः कृतज्ञतेने लिहून ठेवलं आहे.

मग कोळ्यांच्या शंभरेक होड्या दोर बांधून ते रिकामं जहाज हेदाकडे ओढू लागल्या. वाटेत वारा फिरला. होडीवाल्यांनी आभाळ ओळखलं, दोर कापले आणि किनारा गाठला. थोड्या वेळात ‘डायना’ बुडाली. पाचशे परदेशी माणसं, घरी जायला जहाज नाही. ती किनाऱ्याकिनाऱ्याने चालत हेदाला आली.

प्रश्न : ताई, आमच्या घरात तीन पिढ्या लाकडी मचवे बांधले. आता फायबर आलं, काम संपलं. आम्ही कागदावर नकाशा काढत नव्हतो, डोळा आणि दोरी हेच माप. तुम्ही लिहिलंत की हेदाच्या सुतारांनी रशियनांना नवीन जहाज बांधून दिलं. भाषा येत नाही, असलं जहाज आधी पाहिलेलं नाही, मग बांधलं कसं? जरा सविस्तर लिहा.

दादा, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते असं समजा. हे उत्तर लांब होणार आहे.

नमुना कुठून आला ते आधी. बुडत्या ‘डायना’वरून वाचवलेल्या सामानात रशियन नौदलाच्या मासिकाचा अंक होता. त्यात ‘ओपित’ नावाच्या छोट्या दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरची माहिती आणि आकृत्या होत्या. तोच आधार घेऊन अधिकाऱ्यांनी आराखडे काढले. त्यांत मोझाइस्की नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे रशियात विमान बनवण्याचा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचं नाव आलं.

आता सुतार. हेदा आणि आसपासच्या गावांतून सुतार, लोहार, मजूर गोळा केले. त्यांच्यावर सात मुख्य सुतार नेमले. देखरेख एगावा हिदेतात्सु या जिल्हाधिकाऱ्याची. तोफा ओतण्यासाठी निरायामाची भट्टी उभारायला घेणारा तो हाच. जहाज पुरं होण्याआधीच तो वारला.

सुतारांपुढची अडचण तुम्हाला लगेच कळेल. जपानी मालवाहू जहाज आपल्या मचव्यासारखं नसायचं. तळाला जाड रुंद फळी, तिला बाजूच्या मोठ्या फळ्या जोडत वर जायचं, आणि आतून आडव्या तुळया देऊन ते कवच ताठ धरायचं. फासळ्यांचा सांगाडा नाही. रशियन पद्धत उलटी : आधी कणा, मग त्यावर एकेक वाकवलेली फासळी, सांगाडा पुरा झाला की बाहेरून फळ्या. म्हणजे फळी कशावर बसवायची इथपासूनच सगळं नवीन. सुतार लोक रोज बघायचे आणि रात्री मापं लिहून ठेवायचे. त्यांची माप मोजायची एककं शाकु आणि सुन, रशियनांची वेगळी, त्यामुळे प्रत्येक आकडा बदलून घ्यायचा.

हत्यारंही वेगळी. जपानी करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. रंधाही आपल्या अंगाकडे ओढायचा. त्यामुळे करवतीचं पातं पातळ ठेवता येतं आणि काप बारीक येतो. ज्याचा हात असल्या करवतीवर बसला आहे त्याच्या सांध्यात सहसा फट राहत नाही, आणि फळ्यांच्या जहाजात सांधा पाणी धरतो की नाही यावर सगळं असतं. ते मी तुम्हाला काय सांगणार! त्या सुतारांना नवीन शिकायचं होतं ते जहाजाच्या सांगाड्याचं. लाकडाचं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

भाषेचं म्हणाल तर सरकारी बोलणी डच भाषेतून चालायची. नागासाकीतल्या डच व्यापाऱ्यांमुळे जपानकडे डच जाणणारे दुभाषी होते आणि पुत्यातिनच्या माणसांत पोसियेतला डच येत होतं. गोश्केविच चिनी जाणत होता, त्यामुळे लिहून दाखवलेल्या चिनी अक्षरांचाही उपयोग व्हायचा. पण फळीला किती बाक द्यायचा हे सांगायला दरवेळी दुभाषी कुठून आणणार? मी स्वतः कारखान्यांत दुभाषाचं काम केलं आहे. यंत्राशी उभी असलेली दोन कसबी माणसं, एक पुण्याचा आणि एक हामामात्सुचा, माझं वाक्य संपायच्या आत एकमेकांना कळलेली असतात. एकाने बोट ठेवलं की दुसरा पाना उचलतो. हेदात याहून वेगळं झालं असेल असं मला वाटत नाही.

तीन महिन्यांच्या आसपास काम चाललं. साधारण चोवीस मीटर लांबीचं जहाज १८५५ च्या एप्रिलमध्ये उतारावर बांधलेल्या घसरणीवरून आपल्याच वजनाने पाण्यात गेलं. पुत्यातिनने त्याला गावाचंच नाव दिलं : ‘हेदा’. मे महिन्यात तो सुमारे पन्नास माणसं घेऊन त्यातून मायदेशी निघाला आणि सुखरूप पोचला. बाकीच्यांपैकी काही भाड्याच्या अमेरिकन जहाजाने गेले. उरलेले एका जर्मन जहाजावर होते, ते वाटेत इंग्रजांच्या हाती लागले. सुतारांनी बांधलेलं लहानगं जहाज मात्र कोणाच्या हाती लागलं नाही.

आणि सुतारांचं काय झालं ते ऐका. शोगुनच्या, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी प्रमुखाच्या, सरकारने त्याच नमुन्याची आणखी जहाजं हेदातच बांधून घेतली. सात जणांपैकी उएदा तोराकिची नागासाकीच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात गेला आणि १८६२ मध्ये सरकारने त्याला शिकायला थेट नेदरलंड्सला पाठवलं. परत येऊन तो योकोसुकाच्या जहाजबांधणी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर काम करू लागला. गावच्या सुताराच्या घरातला मुलगा. आठ वर्षांपूर्वी एका अपघाताने परदेशी फ्रिगेट त्याच्या गावाकडे वळली नसती, तर तो आयुष्यभर मासेमारीच्या होड्याच बांधत राहिला असता. त्यातही कमीपणा काही नाही, पण त्याच्या हातात केवढी ताकद होती ते जगाला कळलं नसतं.

प्रश्न : त्या काळी जपान परकीयांना जवळ करत नव्हता ना? मग शोगुनच्या सरकारने परक्या सैनिकांना गावात ठेवून जहाज बांधू कसं दिलं? (एक वाचक, नाशिक)

भीती होतीच. अफूच्या युद्धात इंग्रजांनी चीनची काय दशा केली ते एदोच्या अधिकाऱ्यांना माहीत होतं. यात आपलाही एक धागा आहे : १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला ती सागवानी नौका मुंबईच्या गोदीत बांधलेली. आपल्याकडचं लाकूड आणि आपल्याकडच्या कारागिरांची मेहनत दुसऱ्याच्या तोफांखाली चीनपर्यंत गेली. ही गोष्ट मला बोचते.

पण भीतीबरोबर गरजही होती. १६३५ पासून जपानात मोठी जहाजं बांधायला बंदी होती. पेरी येऊन गेल्यावर १८५३ मध्येच ती उठवली. म्हणजे बांधायला परवानगी आली, पण बांधणारा कोणी नाही. तेवढ्यात पाचशे परदेशी नाविक आराखड्यासकट दारात येऊन उभे. सरकारने लाकूड, लोखंड, मजुरी पुरवली आणि जहाज काम झाल्यावर परत मिळेल असं ठरवून घेतलं. १८५६ मध्ये रशियनांनी ते खरोखर आणून दिलं. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला.

पहारा मात्र कडक होता. पुत्यातिन होसेनजी देवळात उतरला, खलाशांसाठी लांबलचक चाळी बांधल्या आणि गावकऱ्यांनी उगाच मिसळू नये असे हुकूम निघाले. तरीही ताचिबाना कोसाइ नावाचा एक जपानी माणूस गोश्केविचच्या ओळखीने लपून रशियनांबरोबर निघून गेला. देश सोडणं हा तेव्हा मृत्युदंडाचा गुन्हा. त्या दोघांनी मिळून केलेला जपानी-रशियन शब्दकोश १८५७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापला गेला. माझ्या व्यवसायातल्या माणसाला हा कोसाइ फार जवळचा वाटतो.

प्रश्न : आम्ही दोघं पुढच्या वर्षी मुलाकडे टोकियोला जाणार आहोत. हेदा बघता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

अवश्य जा. शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, मिशिमा, तिथून छोट्या गाडीने शुझेन्जी आणि पुढे घाटातून बस. घाट वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी घ्या. हेदा आता नुमाझु शहरात सामील झालं आहे, पण गाव गावच राहिलं आहे. त्या जमिनीच्या जिभेवर पाइनची झाडं आहेत, टोकाकडे छोटं संग्रहालय आहे. तिथे ‘डायना’चा नांगर, ‘हेदा’ जहाजाची प्रतिकृती आणि सुतारांची हत्यारं ठेवली आहेत. हत्यारांपाशी थांबा. मुठी वापरून गुळगुळीत झाल्या आहेत. होसेनजीत रशियन खलाशांच्या कबरी आहेत आणि गावकरी त्यांची निगा राखतात. १८८७ मध्ये पुत्यातिनची मुलगी ओल्गा वडिलांना आसरा देणाऱ्या या गावाला भेटायला मुद्दाम आली होती.

मांसाहार करत असाल तर हेदाचा लांब पायांचा खेकडा खा. तो खोल पाण्यातला, पाय पसरले तर माणसापेक्षा मोठा, आणि किमतीलाही मोठाच. दोघांत एक पुरे. हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडे फुजी दिसतो. हिवाळ्यात शक्यता जास्त.

शिमोदाही करायचं असेल तर मे महिन्यात जा. तेव्हा तिथे काळ्या जहाजांचा उत्सव असतो, १९३४ पासून चालत आलेला. हेदाहून शिमोदा त्याच द्वीपकल्पावर असलं तरी मध्ये डोंगर आहेत, एका दिवसात दोन्ही गावं उरकू नका.

आणि एक विनंती, मचवे बांधणाऱ्या दादांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्या घरांना. तुमच्याकडे जुन्या मापाच्या पट्ट्या, दोऱ्या, फळ्यांचे साचे, वहीत लिहिलेले आकडे यातलं काही उरलं असेल तर भंगारात देऊ नका. फोटो काढा, कोणतं माप कशाचं ते आजोबांना विचारून मागे लिहा आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. हेदाच्या सुतारांनी लिहून ठेवलं म्हणून आज मला तुम्हाला हे सांगता आलं. आलेली माहिती आम्ही या सदरातून छापू.